गळालेल्यांची यादी

अक्का डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर उपडा ठेवत, खुर्ची माझ्याकडे वळवत आणि विचारत, "कितल्या गळन्यात?"

किती गळाल्या. दिवसातून चार-पाच वेळा हा प्रश्न ठरलेला. पहिले दोन महिने मला त्याचा इतका राग यायचा की घरी आईसमोर मी त्यांची नक्कल करून दाखवायचे, चष्म्यासकट. मी जळगावची, स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी., वर्गात पहिली आलेली. आणि धुळ्याच्या ऑफिसात रोज सोनगीरहून एसटीने येणारी, एका बोटाने टाइप करणारी, पन्नाशी उलटलेली बाई मला विचारणार, किती गळाल्या.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे अक्का कळतील. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतल्या काही तालुक्यांमधून गरोदर बायांच्या याद्या आमच्याकडे यायच्या. एका तक्त्यात नावनोंदणी असायची: कार्ड नंबर, नाव, वय, गाव. दुसऱ्या तक्त्यात तपासण्या, म्हणजे रक्त किती, ब्लडप्रेशर किती, कोणत्या गावात तपासलं. तिसऱ्यात झालेली बाळंतपणं. तिन्ही तक्ते वेगवेगळ्या माणसांनी भरलेले. आम्ही ते 'आर' नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एकमेकांना जोडायचे आणि दर सोमवारी जोखमीच्या बायांची यादी काढायची. यादी गावोगावच्या सिस्टरकडे जायची आणि सिस्टर त्या बाईच्या घरी जायची. यादीत नाव आलं तर बाईचं दार वाजणार, नाही आलं तर नाही. इतकं साधं होतं ते. मला मात्र बरेच दिवस ते फक्त ओळी आणि रकाने वाटत होतं.

ही भाषा अक्का एकट्याने शिकल्या होत्या, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. त्यांच्याकडे एक लांबट रजिस्टर होतं. त्यात प्रत्येक आज्ञा इंग्रजीत, हुबेहूब उतरवलेली, आणि खाली त्यांच्या भाषेत तिचा अर्थ. तक्ते जोडायच्या पानावर त्यांनी लग्नाची पंगत लिहिली होती. ज्यांना आमंत्रण होतं आणि जे आले तेवढ्यांनाच बसवायचं, ते इनर जॉइन. आमंत्रण दिलं त्या सगळ्यांची पत्रावळ मांडायची, कोणी आलं नाही तर पत्रावळ रिकामी दिसली पाहिजे, ते लेफ्ट जॉइन. आणि आमंत्रण असून जे आले नाहीत त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी विचारायला जायचं, "का हो, काही कमी-जास्त झालं का?" ते अँटी जॉइन. आमच्या विद्यापीठात दोन तास घेऊन सरांनी जे शिकवलं ते या बाईने चार ओळींत उरकलं होतं. मी ते पान वाचून हसले. मग गुपचूप मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

ऑफिसात त्या तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलत. पण काम अडलं, किंवा एखादी गोष्ट मनाला लागली, की अहिराणीवर येत. साहेब सोमवारी सकाळी विचारायचे, "अक्का, या वेळी जुळणी किती टक्के?" अक्का आकडा सांगायच्या. तो कधीच शंभर नसायचा. साहेबांना शंभर हवा असायचा, कारण त्यांना तो वर पाठवायचा असायचा. मग अक्कांचं दुसरं ठरलेलं वाक्य येई. "साहेब, शंभर टक्के जुळनं ना, मंग समजा काही तरी फेकी दिधं." शंभर टक्के जुळलं, तर समजा काही तरी फेकून दिलं.

वर पुन्हा त्या एक आगाऊपणा करायच्या. जोखमीची यादी सुबक छापून झाली की तिच्या आधी, पहिल्याच पानावर, न जुळलेल्या बायांची यादी लावायच्या. मथळा असायचा 'गळालेल्यांची यादी'. साहेब म्हणायचे, हे शेवटी लावा, परिशिष्ट म्हणून लावा. अक्का "हो साहेब" म्हणायच्या आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पहिल्या पानावर लावायच्या. आणि छापून थांबायच्या नाहीत. दुपारपर्यंत त्या यादीतल्या एकेका बाईला फोन करायच्या. तुम्ही कुठं आहात, तपासलं का, किती महिने झाले. फोन ठेवला की रजिस्टरमध्ये नावापुढे एक बारीक टिंब द्यायच्या. ज्या नावापुढे टिंब नाही, ते नाव दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मोजायची खोडच होती त्यांना. आम्ही पाच जण जेवायला बसायचो. त्यांचा सोनगीरचा पितळी डबा इतका जड की शिपायाने एकदा विचारलं, यात भाकरी आहे की वजनकाटा. हिवाळ्यात त्यात भरीत आणि कळण्याची भाकरी असायची. तो डबा उघडायच्या आधी अक्का सगळ्यांवरून नजर फिरवायच्या आणि कोणी कमी असलं तर झाकणावरचा हात तसाच ठेवायच्या. "एक गळना." मग त्याला बोलावून आणेपर्यंत आम्ही भरिताचा नुसता वास घ्यायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, अक्का, तो बाहेर जेवून आला असेल. त्या म्हणाल्या, "आसंल. इचारी तर ले." असेल, पण विचारून तर घे.

त्यांच्या घरात त्या आणि त्यांचा भाऊ, दोघंच. लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. उगाच काही रंगवून सांगणार नाही, कारण मला ठाऊकच नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात अक्कांच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी उन्हावर ढकललं, मग एसटीच्या हेलकाव्यांवर. जूनच्या शेवटी नाशिकला तपासण्या झाल्या आणि त्या तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, पोरी, सगळं लिहून ठेवलं आहे, वाचून कर.

खरंच लिहून ठेवलं होतं. त्यांच्या प्रोग्राममध्ये ओळींच्या मध्ये-मध्ये सूचना होत्या. कॉम्प्युटर त्या वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. नोंदणीचा तक्ता तपासणीच्या तक्त्याला जिथं जोडला जायचा त्याच्या बरोबर वर लिहिलं होतं: "आठे थांब. माहेरवाशिणी गळतस." इथं थांब, माहेरवाशिणी गळतात.

मी ते वाचलं. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते की घाईत वाचायचं राहिलं. मी वाचलं, हसले, आणि प्रोग्राम स्वच्छ करताना ती ओळ काढून टाकली.

अक्कांचा प्रोग्राम मला गबाळा वाटायचा. काही बायांची तपासणी सासरीही व्हायची आणि माहेरीही, त्यामुळे जोडल्यावर एकाच बाईच्या दोन-दोन ओळी यायच्या. अक्का त्या हाताने बघून शेवटची तपासणी ठेवायच्या. त्यात अर्धा दिवस जायचा. मी त्यावर पाच मिनिटांत तोड काढली. नुसत्या कार्ड नंबरावर न जोडता कार्ड नंबर आणि गाव, दोन्हींवर जोडलं आणि दोन्ही तक्त्यांत सापडतील तेवढ्याच ओळी ठेवल्या. दुहेरी ओळी गायब झाल्या. आलेला तक्ता आरशासारखा लख्ख. साहेब खूश झाले. पहिल्या पानावर काही नाही, जुळणी शंभर टक्के. असे तीन सोमवार गेले.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. माझी स्वतःची चुलत बहीण त्याच महिन्यात पारोळ्याहून आमच्या घरी आलेली होती, तिला डिंकाचे लाडू मी माझ्या हाताने नेऊन देत होते. पण घरातली ही गोष्ट आणि ऑफिसातले रकाने माझ्या डोक्यात एकमेकांना कधी जोडलेच गेले नव्हते. ज्या मुलीची नोंद सासरच्या गावात आणि तपासणी माहेरच्या गावात, तिचं गाव दोन तक्त्यांत वेगळं पडणार. ती जुळणार नाही. आणि जी माहेरी गेली आहे ती बहुतेक पहिलटकरीण असणार, म्हणजे जिच्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं तीच. मी नेमक्या त्याच मुली यादीतून काढून टाकल्या होत्या.

अक्का चौथ्या सोमवारी आल्या. चेहरा अर्धा झाला होता, साडीचा पदर खांद्यावर ठरत नव्हता. पितळी डबा मात्र होता. पाणी प्यायल्या, चष्मा काढून उपडा ठेवला, खुर्ची वळवली.

"कितल्या गळन्यात?"

मी याचीच वाट बघत होते. म्हटलं, "एकही नाही, अक्का. शंभर टक्के."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. आपलं ते नेहमीचं वाक्यसुद्धा म्हणाल्या नाहीत. माझी खुर्ची हाताने बाजूला सरकवली आणि एका बोटाने अँटी जॉइनची ओळ टाइप करायला घेतली. एकेका अक्षराला वेळ लागत होता. मी मध्येच म्हटलं, मी करते ना. त्यांनी नको म्हणून मान हलवली. ओळ पुरी झाली आणि स्क्रीनवर नावं उतरली. सदतीस.

आम्ही यादी निम्मी-निम्मी वाटून घेतली. माझ्या वाट्याला आलेल्यांपैकी पहिल्या नऊ जणींशी बोलणं झालं. दहावी मुलगी एकोणीस वर्षांची होती. सासर सोनगीरच्या पुढचं एक खेडं, माहेर यावलजवळ. सासरी फक्त नोंदणी झालेली आणि पाचव्या महिन्यातच माहेरी गेलेली, त्यामुळे सगळ्या तपासण्या तिकडच्या. शेवटच्या तपासणीत ब्लडप्रेशरचा आकडा असा होता की आमच्या यादीत ती पहिल्या पाचांत आली असती. फोन तिच्या नवऱ्याने उचलला. मी नेहमीचं विचारलं, ताई कुठं आहेत, तब्येत कशी आहे.

तो म्हणाला, "ती आते नही शे, ताई. आठ दिन व्हई गयात."

मग तोच मला समजावून सांगत राहिला, जणू मला कमी ऐकू येतं आहे. झटके आले. गाडी मिळायला वेळ लागला. जळगावला नेताना रस्त्यातच गेली. बाळही गेलं. मी फोन ठेवला तेव्हा अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्यापुढची यादी ओढून घेतली आणि उरलेल्या नावांना त्यांनीच फोन केले. बाकीच्या छत्तीस जणी जिवंत होत्या. त्यातल्या दोघींना त्याच दिवशी दवाखान्यात हलवावं लागलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रडत बसले. तुम्हाला वाटेल, अक्कांनी पाठीवरून हात फिरवला असेल. हात फिरवला. पण म्हणाल्या, "तुझी चूक झाली. मी ती कमी करून सांगणार नाही. माझीही झाली. सूचना लिहिली, पण ती का लिहिली ते तुला बसवून सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवालात 'तांत्रिक अडचण' असं लिहायला सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. माझी नोकरी कंत्राटी, ती जाऊ नये, अक्कांचं आजारपण, असं सगळं त्यांच्या मनात होतं. अक्कांनी दोन परिच्छेद लिहिले. पहिल्यात मी काय केलं ते, दुसऱ्यात त्यांनी काय केलं नाही ते. खाली सही केली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. मीही सही केली. त्या कागदाचं वर काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही. मला कोणी काढलं नाही. कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

त्या शनिवारी अक्का म्हणाल्या, यावलला जायचं आहे. मी म्हटलं, तुमची तब्येत. त्यांनी ऐकलं नाही. जळगावला गाडी बदलून आम्ही दुपारी पोचलो. पुढे गावापर्यंत केळीच्या बागांमधून रिक्षाने. अक्का सबंध रस्ताभर पोटावर पिशवी दाबून बसल्या होत्या. घर विटांचं, ओट्यावर मुलीची आई पाय पोटाशी घेऊन बसलेली. कुठल्या ऑफिसातून आलो ते अक्कांनी सांगितलं. तिने आत बसवलं, पाणी दिलं. कोपऱ्यात बाळंतिणीसाठी विणून ठेवलेली नवी बाज उभी करून ठेवली होती, अजून तिच्यावर कोणी निजलेलं नव्हतं.

मग त्या आईने एवढंच विचारलं, "माह्या पोरीचं नाव तुमच्या यादीत व्हतं का?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, अक्का, नव्हतं म्हणा. नव्हतं म्हटलं असतं तर ते देवाच्या, नशिबाच्या, सरकारच्या, कोणाच्याही माथी मारता आलं असतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही नव्हतं. सोमवारच्या यादीत तिचं नाव नव्हतंच.

"व्हतं," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडे नाव होतं, आकडाही होता. आमच्या हातून गळालं. आम्ही पाहिलं नाही."

मला वाटलं आता ती आम्हाला हाकलून देईल, आणि तिने हाकलून द्यावं असंही वाटत होतं. ती उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात केळ्यांची एक फणी होती. ती अक्कांच्या पिशवीत ठेवत म्हणाली, "इतक्या लांबून आल्या, रिकाम्या हातानं कशा जासाल." शिव्या दिल्या असत्या तर मी त्या केव्हाच विसरले असते.

ती केळी आम्ही कोणी खाल्ली नाहीत. ऑफिसच्या कपाटावर ठेवली. पिकली, मग काळी पडली, मग त्यांच्यावर चिलटं आली. शेवटी शिपायाने अक्का जागेवर नसताना ती उचलून नेली. यावलहून आल्यावरच्या सोमवारीच अक्कांनी मला शेजारी बसवलं आणि प्रोग्राममध्ये ती काढून टाकलेली ओळ माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली. मी ती मराठीत लिहायला लागले तर म्हणाल्या, नाही, होती तशी लिही.

दिवाळीनंतर त्यांना येणं जमेना. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग फक्त सोमवारी फोन. फोनवर तब्येतीचं काही विचारू द्यायच्या नाहीत. हॅलोच्या जागी तोच प्रश्न. मी आकडा सांगायचे, मग त्या एकेक नाव विचारायच्या, बोललीस का, कुठं आहे, किती महिने. टिंब दिलं का. मग ठेवायच्या.

फेब्रुवारीत त्यांना धुळ्यातच दवाखान्यात ठेवलं. मी एका सोमवारी दुपारच्या सुट्टीत गेले. खाटेत त्या कुठं आहेत ते शोधावं लागलं, इतक्या लहान झाल्या होत्या. बाजूच्या स्टुलावर चष्मा उपडा ठेवलेला, खाली पितळी डबा. त्यांचा भाऊ बाहेर औषधं आणायला गेला होता. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. ओठ हलले. आवाज नव्हता, पण तो प्रश्न मला आवाजाशिवाय कळत होता.

त्या दिवशी चार होत्या. यादी काढून मी तशीच निघाले होते, फोन परत जाऊन करणार होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, या बाईला आता एक दिवस तरी सुखाने पडू द्यावं. हा माझा विचार चांगल्या मनाचा होता, असं मी आजही म्हणेन. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "एकही नाही, अक्का. सगळ्या जुळल्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. यावलच्या घरात त्या मुलीच्या आईकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्याच नजरेने. मग डोळे मिटले आणि या वेळी आवाज आला, अगदी बारीक.

"परत देख."

मी बाहेर गेले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून पर्समधली यादी काढली. पहिल्या तिघी पहिल्याच फोनला भेटल्या, तिघी ठीक होत्या. चौथीचा फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा तिच्या आईने उचलला. मुलगी चाळीसगावजवळ माहेरी होती, नववा लागलेला, तोंड-हातपाय सुजलेले, सकाळपासून डोकं ठणकतंय म्हणत होती. तिकडच्या सिस्टरला शोधून, गाडीचं ठरवून, ती मुलगी गाडीत बसली हे कानाने ऐकेपर्यंत तास गेला. ती वाचली. तुम्ही विचाराल म्हणून सांगून टाकते. मुलगी झाली तिला.

मी आत आले तेव्हा अक्कांना झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. भाऊ म्हणाला, आता उठवू नका. मी संध्याकाळी गेले, मंगळवारी गेले, बुधवारी गेले. त्यांना शुद्ध आलीच नाही. गुरुवारी सकाळी त्या गेल्या.

रजिस्टर आता माझ्याकडे आहे. त्या सोमवारच्या पानावर चार नावं आहेत आणि चौघींपुढे टिंब आहे, माझ्या हातचं. ते त्यांना दाखवायचं राहिलं. चार होत्या, अक्का.